हमिंगबर्डसाठी घरचं साखरपाणी: मोजमाप, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

अमेरिकेतल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात हमिंगबर्डचा फीडर आता सर्रास दिसतो. एक भाग साखर आणि चार भाग पाणी, हे प्रमाण बहुतेकांना पाठही असतं. तरी दर उन्हाळ्यात तेच प्रश्न कानावर येतात. पक्षी दोन दिवस आले आणि मग फिरकलेच नाहीत. पाणी गढूळ झालं. बाटलीच्या आत काळे ठिपके धरले.

गडबड प्रमाणात क्वचितच असते. साखर चुकीची निवडलेली असते, पातेलं ओशट असतं, फीडर नुसता विसळलेला असतो. आणि सगळ्यांत जास्त नडते ती आपली काटकसर: अर्धी बाटली शिल्लक आहे, कशाला ओतून द्यायची? हा पक्षी जेमतेम तीन-चार ग्रॅमचा. आंबलेलं किंवा बुरशी धरलेलं पाणी त्याच्या पोटात जाऊ द्यायचं नसेल, तर शिल्लक पाणी ओतून द्यायची तयारी आधी करा आणि मगच फीडर विकत घ्या.

पुण्या-मुंबईच्या, कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात, भारतात नाहीत. तुमच्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर. त्याच्यासाठी साखरपाणी टांगू नका. आपल्याकडच्या उष्ण-दमट हवेत ते फार लवकर आंबतं. जास्वंद, पांगारा, टिकोमा यांपैकी काही लावता आलं तर ते त्याच्या जास्त उपयोगाचं. पुढचं सगळं अमेरिका-कॅनडातल्या घरांसाठी आहे.

१. आधी फीडर बघून घ्या

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक उलटी टांगायची बाटली, दुसरा पसरट, झाकणाला भोकं असलेला थाळीसारखा फीडर. नवीन घेणार असाल तर थाळीचा घ्या. झाकण उघडलं की आतला प्रत्येक कोपरा हाताने घासता येतो. पाणी भोकांच्या खाली राहतं, त्यामुळे ते गळत नाही, आणि मधमाश्यांची सोंडही सहसा तिथवर पोचत नाही.

बाटलीचा फीडर उन्हात गळतो, कारण पाणी जसं कमी होतं तशी बाटलीत वर हवा साठते. ऊन लागलं की ती हवा फुगते आणि पाणी खाली ढकलते. मग मुंग्या येतात. बाटली जितकी मोठी आणि जितकी रिकामी, तितकी ही गळती जास्त. म्हणून बाटलीच घ्यायची असेल तर लहान घ्या.

घेण्यापूर्वी तपासा: सगळे भाग सुटे होतात का? ब्रश प्रत्येक भोकात जातो का? कोरीव, नक्षीदार काचेचे फीडर दिसतात सुंदर, पण ज्या कोपऱ्यात ब्रश जात नाही तिथेच बुरशी धरते. भोकांभोवती पिवळी प्लास्टिकची फुलं असतील तर तो फीडर सोडा. पिवळ्या रंगाकडे मधमाश्या आणि गांधीलमाश्या ओढल्या जातात.

२. साखर मोजण्याआधी फीडर धुवा

हा क्रम उलटा केला की घाई होते. साखरपाणी गार होऊन तयार असतं, बाहेर पक्षी घिरट्या घालत असतो, आणि मग फीडर नळाखाली धरून झटक्यात विसळला जातो. म्हणून आधी फीडर, मग गॅस. अगदी नवा, डब्यातून काढलेला फीडरसुद्धा धुवूनच वापरा.

रोजच्या धुण्याला गरम पाणी आणि बाटलीचा ब्रश पुरतो. भोकांसाठी बारीक ब्रश हवाच. तो वेगळा मिळतो. भांड्यांचा साबण वापरलात तर तो पूर्ण जाईपर्यंत धुवा. बोट फिरवल्यावर जरासाही बुळबुळीतपणा राहता कामा नये.

आत चिकट थर बसला असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यात तासभर बुडवून ठेवा, घासा, आणि व्हिनेगरचा वास जाईपर्यंत धुवा. काळे ठिपके दिसले तर व्हिनेगरवर भागवू नका. एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाण्यात पाव कप ब्लीच घाला, सगळे सुटे भाग तासभर बुडवा, घासा, वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा आणि पूर्ण कोरडे होऊ द्या. ठिपके दिसोत न दिसोत, महिन्यातून एकदा हे करायला हरकत नाही.

सावधान: ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. एकाने धुतलेलं भांडं स्वच्छ धुतल्याशिवाय त्यात दुसरं ओतू नका.

३. साखर कोणती

घरोघरी सगळ्यांत जास्त चुकतं ते इथे, आणि चुकतं ते चांगल्या हेतूने. पांढरी साखर वाईट, गूळ आणि मध चांगले, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. माणसांपुरतं ते असू दे. हमिंगबर्ड ज्या फुलांवर जातात त्यांच्या मधुरसात मुख्यतः सुक्रोज असतं, आणि साधी पांढरी दाणेदार साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज. पिशवीवर ‘ग्रॅन्युलेटेड शुगर’ लिहिलेलं असतं, तीच घ्या. उसाची चालते, बिटाचीही चालते.

बाकी जे घालावंसं वाटतं त्यातलं काहीच चालत नाही:

- गूळ, काकवी, खांडसारी, ब्राउन शुगर, टर्बिनाडो. यांच्यात मळीचा अंश असतो आणि मळीबरोबर लोह येतं. जास्तीचं लोह या पक्ष्यांना घातक ठरतं. पिशवीवर ‘ऑरगॅनिक’ लिहिलंय आणि साखर जरा पिवळसर दिसतेय, तरी ती नको.
- मध. पाण्यात कालवलेला मध लवकर आंबतो आणि त्यावर बुरशी झपाट्याने वाढते.
- पिठीसाखर. तिच्यात कॉर्नस्टार्च मिसळलेला असतो.
- स्टीव्हिया किंवा कुठलंही बिनकॅलरीचं गोड. चव गोड लागते, पण ऊर्जा शून्य. इवल्याशा पक्ष्याला उपाशी ठेवण्याचाच प्रकार तो.
- लाल रंग. खायचा रंग नको, रूह अफ्जा नको, कोकमाचं आगळ नको, दुकानातलं तयार लाल मिश्रणही नको. फीडरचा लाल भाग त्यांना बोलवायला पुरेसा असतो. पाणी बिनरंगीच ठेवा. त्याचा आणखी एक फायदा: ते गढूळ झालं की लगेच कळतं.

पाक करायची सवय असलेल्या हातांकडून आणखी तीन गोष्टी नकळत होतात: पाक दाणेदार होऊ नये म्हणून लिंबू पिळणं, मळी काढायला चमचाभर दूध घालणं, आणि चवीला चिमूटभर मीठ. तिन्ही टाळा. प्रथिनं आणि क्षार या पक्ष्यांना बारीक किडे आणि कोळी खाऊन मिळतात, ते पाण्यात घालायची गरज नाही. मात्र त्यासाठी अंगणात कीटकनाशक मारणं थांबवायला हवं.

४. मोजमाप

एक माप साखर, चार मापं पाणी. अमेरिकन कप घ्या, वाटी घ्या, फुलपात्र घ्या. दोन्ही एकाच भांड्याने मोजलं की झालं. वजनाने करायचं तर २०० ग्रॅम साखरेला सुमारे ९५० मिलिलिटर पाणी. साखर मापात दाबून किंवा शिगोशीग भरू नका, वरून सपाट करा.

पहिल्यांदा करताना पाव कप साखर आणि एक कप पाणी एवढंच करा. एखाददुसरा पक्षी येत असेल तर तेवढंही संपत नाही.

पाणी घट्ट केलं की पक्ष्याला जास्त ताकद येईल, असं वाटून एकास दोन प्रमाण करणारे बरेच आहेत. तसं करू नका. पक्ष्याची पाण्याची गरजही बरीचशी यातूनच भागते, आणि घट्ट पाणी भोकांच्या कडेला चिकटून वाळतं. थंडीच्या किंवा सततच्या पावसाच्या दिवसांत एकास तीन चालतं, त्यापुढे जाऊ नका. उलट, साखर वाचवायला एकास सहा केलंत तर पक्षी फुलांकडेच जातील.

नळाचं पाणी चालतं. क्लोरीनचा वास भपकन येत असेल तर फिल्टरचं घ्या.

५. विरघळवणं: हा पाक नाही

पातेलं निवडताना थोडं थांबा. ज्यात फोडण्या होतात ते नको, आल्याच्या चहाचं नको. आतून कोरडं बोट फिरवून पाहा. बोटाला ओशट लागलं तर ते पातेलं बाद. तेलाचा किंवा तुपाचा अंश पाण्यावर तरंगतो आणि फीडरच्या भोकांपाशी जमतो. यासाठी एक लहान स्टीलचं पातेलं आणि एक चमचा वेगळा काढून ठेवलेला उत्तम.

क्रम असा:

१. पाणी मोजून पातेल्यात घ्या.
२. उकळी आणा.
३. गॅस बंद करा.
४. आता साखर घाला आणि विरघळेपर्यंत ढवळा.

साखर घालून पुन्हा उकळत ठेवू नका. पाणी आटतं आणि मोजलेलं प्रमाण बिघडतं. एकतारी-दोनतारी काही नाही, तार तर अजिबात येता कामा नये. त्याच दिवशी सगळं वापरून टाकणार असाल तर उकळीचीही गरज नाही, गरम पाण्यात साखर विरघळवली तरी चालते. फ्रीजमध्ये साठवणार असाल तर मात्र पाणी उकळून घ्या, म्हणजे ते जरा जास्त टिकतं.

तपासा: चमचा तळाशी फिरवा. खरखर लागली तर दाणे शिल्लक आहेत. पाणी काचेच्या पेल्यात ओतल्यावर ते साध्या पाण्याइतकं स्वच्छ दिसायला हवं.

६. गार करणं आणि साठवण

झाकण ठेवून पूर्ण गार होऊ द्या. गरम पाणी फीडरमध्ये ओतलं तर प्लास्टिकचे भाग वाकतात, काचेला तडा जाऊ शकतो, आणि उष्णतेने आंबणं लवकर सुरू होतं.

उरलेलं पाणी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. हळदीने पिवळा पडलेला प्लास्टिकचा डबा कितीही घासला तरी त्याचा ओशटपणा पूर्ण जात नाही, तो इथे वापरू नका. बरणीवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख आणि ‘पक्ष्यांचं’ असं लिहा, नाहीतर कुणीतरी ते सरबतात घालतं. फ्रीजमध्ये ते आठवडाभर सहज राहतं, त्याहून जास्त करून ठेवण्यात काही मिळत नाही. बरणीत ढगाळपणा किंवा तरंगते धागे दिसले की ओतून द्या.

७. भरणं आणि टांगणं

सुरुवातीला थाळीचा फीडर एक तृतीयांशच भरा. दोन दिवसांत किती संपतं ते पाहा आणि पुढच्या वेळी तेवढंच भरा. घरी येणाऱ्या पक्ष्यांचा अंदाज येईपर्यंत फीडर काठोकाठ भरण्यात अर्थ नाही, बहुतेक पाणी ओतूनच द्यावं लागतं.

भरण्याची चांगली वेळ म्हणजे संध्याकाळ किंवा अगदी पहाट. रात्री हमिंगबर्ड शरीराचं तापमान खूप खाली आणून, ग्लानीत गेल्यासारखे राहून ऊर्जा वाचवतात. उजाडताच त्यांना ताबडतोब काहीतरी हवं असतं. न्यू जर्सीचा वायव्य भाग, पोकोनोज अशा अस्वलं असलेल्या भागात राहत असाल तर फीडर अंधार पडायच्या आत घरात घ्या आणि पहाटे परत बाहेर लावा. अस्वलाला साखरपाणी चांगलंच कळतं.

जागा ठरवताना:

- सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारी सावली हवी.
- खिडकीच्या काचेपासून तीन फुटांच्या आत किंवा मग तीस फुटांच्या बाहेर. जवळ असेल तर काचेवर आपटण्याइतका वेग पक्ष्याला घेता येत नाही. मधलं अंतर धोक्याचं.
- जवळ एखादं झाड किंवा झुडूप हवं, पण मांजर दबा धरून बसेल इतकं खाली आणि दाट नको.
- तुमचा हात स्टुलाशिवाय पोचला पाहिजे. ज्या फीडरसाठी शिडी आणावी लागते तो वेळेवर धुतला जात नाही.

एखादा नर फीडर स्वतःच्या मालकीचा समजून बाकीच्यांना हाकलत राहतो. त्यावर उपाय म्हणजे दुसरा लहान फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला, पहिल्यावरून दिसणार नाही असा टांगणं. शेजारी शेजारी दोन लावले तर तो दोन्हीवर पहारा देतो.

८. पाणी बदलणं

सगळ्या लेखातलं एवढं एकच करायचं असेल तर हे करा. पाणी संपलं म्हणून बदलायचं नाही, दिवस भरले म्हणून बदलायचं. बाहेरचं दुपारचं तापमान बघा:

- ७० फॅरनहाइटच्या खाली: पाच-सहा दिवसांनी
- ७० ते ८०: तीन-चार दिवसांनी
- ८० ते ९०: दर दोन दिवसांनी
- ९० च्या वर: रोज

टेक्ससमध्ये जुलै-ऑगस्ट म्हणजे रोजचं काम धरून चाला. तेवढं जमणार नसेल तर त्या दोन महिन्यांपुरता फीडर उतरवून ठेवा. अर्धवट सांभाळलेल्या फीडरपेक्षा न टांगलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी कुंडीत साल्व्हिया किंवा बी बाम लावा, कुंपणावर मूळची इथलीच असलेली लाल हनीसकलची वेल चढवा. हमिंगबर्ड या तिन्हींवर येतात आणि फुलं धुवावी लागत नाहीत.

जुन्या पाण्यात वरून नवं ओतून भर घालणं ही सर्रास होणारी चूक. तळाशी राहिलेलं आंबूस पाणी नव्या पाण्याला विरजणासारखं लागतं, आणि तीन दिवस टिकणारं पाणी एका दिवसात बिघडतं. दर वेळी उरलेलं सगळं ओता, फीडर घासा, धुवा, मग भरा.

तारीख यायच्या आधीच पाणी बिघडलं का, हे ओळखायला फीडरमागे किंवा पेल्यामागे छापील कागद धरा. अक्षरं धूसर दिसली तर पाणी गेलं. पांढुरके धागे तरंगत असतील, बोटाला तार सुटत असेल, आंबूस वास येत असेल, मेलेल्या मुंग्या असतील, तर विचार न करता ओता. भोकांच्या आतली कड कापसाच्या काडीने पुसून पाहा. काडीला काळं लागलं तर दुसऱ्या टप्प्यातली ब्लीचची धुलाई आजच करा.

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात आणि फीडरची जबाबदारी आनंदाने घेतात, असं अनेक घरांत होतं. त्यांच्यासाठी हे वेळापत्रक मराठीत लिहून फ्रीजवर लावा आणि शेजारी सेल्सिअसचे आकडेही द्या: ७० म्हणजे २१, ८० म्हणजे २७, ९० म्हणजे ३२. वेळापत्रक समोर असलं की ‘अजून भरलेलं आहे’ म्हणून कुणी थांबत नाही.

९. मुंग्या, माश्या आणि इतर पाहुणे

मुंग्यांसाठी फीडरच्या वर टांगायची पाण्याची छोटी वाटी मिळते. तिच्यात साधं पाणी भरा आणि ते आटू देऊ नका. तारेला तेल, व्हॅसलीन किंवा तूप लावू नका. पिसांना लागलं तर ती चिकटतात आणि पक्ष्याला उडणं अवघड होतं. मुंग्यांचा खडू, पावडर, फवारा यांतलं काहीही फीडरच्या किंवा खांबाच्या जवळ नको.

गांधीलमाश्या जमल्या तर आधी गळती शोधा. बहुतेक वेळा ती बाटलीच्या तोटीशी सापडते. गळती थांबवून फीडर काही फूट दूर हलवला की त्यांचा माग तुटतो. फीडरवर हिरवा, लांबट प्रार्थनाकीटक बसलेला दिसला तर काडीवर घेऊन दूरच्या झुडपात सोडा. मोठा प्रार्थनाकीटक हमिंगबर्ड पकडून खातो.

१०. कधी लावायचा, कधी उतरवायचा

पूर्वेकडच्या राज्यांत येणारा हमिंगबर्ड बहुतांशी एकच, लाल गळ्याचा रुबी-थ्रोटेड. ह्यूस्टनकडे तो मार्चमध्ये पोचतो, न्यू जर्सी आणि शिकागोकडे एप्रिल अखेरीस ते मेच्या सुरुवातीला. त्याच्या आठवडाभर आधी फीडर तयार ठेवा.

फीडर वेळेवर काढला नाही तर पक्षी दक्षिणेला जायचे थांबतात, ही समजूत चुकीची आहे. दिवस लहान होऊ लागले की त्यांना निघायची वेळ कळते. शेवटचा पक्षी दिसल्यानंतरही दोन आठवडे फीडर चालू ठेवा. उत्तरेकडून उशिरा निघालेल्यांना तो वाटेत उपयोगी पडतो. तेवढ्या काळात पाणी थोडंच भरा, पण नियमाने बदला.

पश्चिम किनाऱ्यावर, बे एरियापासून सिॲटलपर्यंत, ॲनाज हमिंगबर्ड वर्षभर राहतो. तिथे हिवाळ्यातही फीडर चालू ठेवता येतो. कडाक्याची थंडी पडली तर साखरपाणीही गोठतं, म्हणून रात्री फीडर आत घ्या आणि उजाडायच्या आधी बाहेर लावा. दोन फीडर असतील तर आलटून पालटून वापरणं सोपं जातं.

महिनाभर भारतात जाणार असाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी फीडर उतरवा. शेजारी खात्रीने धुऊन भरणारा असेल तरच तसाच ठेवा. पक्षी उपाशी राहतील ही भीती नको. ते एका फीडरवर अवलंबून नसतात, आसपासच्या फुलांवर आणि किड्यांवर त्यांचं भागतं. उतरवलेला फीडर ब्लीचच्या पाण्यातून काढून, भरपूर धुवून, सगळे भाग सुटे ठेवून उन्हात वाळवा. भोकांत पाण्याचा थेंबही राहिलेला नाही हे फुंकर मारून पाहा, आणि झाकण न लावता कागदी पिशवीत ठेवून द्या.